खड्डे मोजून वाळवंट थांबत नाही

वऱ्हाडातील जमिनीची धूप, उजाड माळराने आणि वृक्षलागवडीचा लेखाजोखा

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर वसलेले कौंडण्यपूर महाराष्ट्राला रुक्मिणीचे माहेर म्हणून ठाऊक आहे. प्राचीन विदर्भाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे परंपरा मानते. दमयंती, लोपामुद्रा आणि इंदुमती यांच्या कथाही याच भूमीशी जोडल्या जातात. १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षित यांनी येथे केलेल्या उत्खननात सातवाहनकाळातील आणि त्याही आधीच्या वस्तीचे अवशेष मिळाले. दोन हजार वर्षांहून अधिक काळ या काठावर माणसे राहत आली आहेत. नदीचे पाणी, काळी माती आणि सभोवतीचे रान या तीन गोष्टींच्या आधारावरच हे शक्य झाले.

या प्रदेशाच्या नावाची एक पारंपरिक व्युत्पत्ती आजच्या संदर्भात लक्षणीय ठरते. ‘विगत दर्भ’, म्हणजे जेथून दर्भ नाहीसा झाला तो विदर्भ, अशी फोड जुन्या ग्रंथकारांनी केली आहे. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती टिको वा न टिको, गवत नाहीसे झालेली भूमी ही कल्पना मात्र वऱ्हाडातील अनेक गावांच्या शिवारात प्रत्यक्ष दिसू लागली आहे. वाळवंटीकरण हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे राजस्थानातील वाळूच्या टेकड्या येतात आणि त्यामुळे आपला त्याच्याशी संबंध नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे.

वाळूशिवायचे वाळवंट

संयुक्त राष्ट्रांचा वाळवंटीकरणविरोधी करार १७ जून १९९४ रोजी पॅरिस येथे स्वीकारला गेला. त्याची आठवण म्हणून दरवर्षी १७ जून हा जागतिक वाळवंटीकरणविरोधी दिन पाळला जातो. भारताने डिसेंबर १९९६ मध्ये या कराराला मान्यता दिली. या कराराच्या व्याख्येनुसार शुष्क, अर्धशुष्क आणि शुष्क-उपार्द्र प्रदेशांत हवामानातील बदल, मानवी व्यवहार अशा विविध कारणांनी होणारा जमिनीचा ऱ्हास म्हणजे वाळवंटीकरण होय. या व्याख्येत वाळूचा उल्लेखही नाही. जमीन निर्माण करू शकत असलेले जीवन कमी होत जाणे, हा तिचा गाभा आहे. वाळवंट कोठून तरी चालून येत नाही. जमीन जागच्या जागी वाळवंट होते.

अहमदाबाद येथील इस्रोच्या अवकाश उपयोग केंद्राने उपग्रहचित्रांच्या आधारे तयार केलेल्या नकाशासंग्रहातही हेच दिसते. २०११-१३ या काळात देशाच्या एकूण भूभागापैकी २९.३२ टक्के जमीन ऱ्हासाच्या प्रक्रियेत होती. २०१८-१९ मध्ये हे प्रमाण २९.७७ टक्के, म्हणजे सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर झाले. वाऱ्याने होणाऱ्या धुपेचा यातील वाटा भूभागाच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास आहे. पाण्याने होणारी धूप ११ टक्के आणि वनस्पती आच्छादनाचा ऱ्हास ९ टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर आढळतो. म्हणजे भारतातील वाळवंटीकरणाचे मोठे कारण वाळूचे वादळ नसून उघड्या जमिनीवर कोसळणारा पाऊस आहे. २०११-१३ च्या नोंदीनुसार महाराष्ट्राचे सुमारे ४५ टक्के क्षेत्र या ना त्या स्वरूपात ऱ्हासग्रस्त होते. ज्या राज्यात एकही वाळवंट नाही, त्या राज्याची ही स्थिती आहे.

वऱ्हाडाची जमीन कशी झिजते

पश्चिम विदर्भात वर्षाला सर्वसाधारणपणे ७०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा मराठवाड्याच्या किंवा अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यापेक्षा बरा दिसतो. पण त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यातही मोजक्या जोरदार सरींच्या रूपाने पडतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. वर्षातील मोठा काळ जमिनीतून जाणारा ओलावा तिला मिळणाऱ्या ओलाव्यापेक्षा अधिक असतो. म्हणूनच हा प्रदेश अर्धशुष्क ते शुष्क-उपार्द्र गटात मोडतो.

येथील माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. नदीकाठी आणि सखल भागात ती खोल, काळी व चिकण असते. उंचवट्यावर तिचा थर पातळ होत जातो आणि माथ्यावर नुसता मुरूम उरतो. माथ्यावरील गवत आणि झुडपे गेली की पावसाचा थेंब मुरमावर आपटतो, पाणी मुरण्याआधीच उताराला लागते आणि जाताना मातीचा वरचा थर घेऊन जाते. पिकाला लागणारे सेंद्रिय द्रव्य या वरच्या थरातच असते. एक सेंटिमीटर माती तयार होण्यास निसर्गाला शतके लागतात, तर ती वाहून जाण्यास एक पावसाळा पुरतो.

काळ्या मातीचा स्वभावही वेगळा आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला खोल भेगा पडतात. या भेगांतून उरलासुरला ओलावा निघून जातो आणि कोवळ्या रोपांची मुळे तुटतात. भारी जमीन म्हणजे झाडासाठी सोपी जमीन, हा शहरी समज येथे उपयोगाचा नाही.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात प्रश्न आणखी निराळा होतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावे खारपाणपट्ट्यात येतात. येथील भूजल खारे आहे आणि मातीत सोडियमचे प्रमाण अधिक असल्याने पाण्याचा निचरा होत नाही. विहीर असूनही ओलित करता येत नाही, अशी ही विलक्षण कोंडी आहे. उलट सातपुड्याच्या पायथ्याशी वरूड, मोर्शी आणि अचलपूर भागात पाणी भरपूर मुरवणारा गाळाचा पट्टा आहे. मात्र तेथे संत्र्याच्या बागांसाठी झालेल्या अमर्याद उपशामुळे भूजल खोल गेले. एकाच विभागात धूप, क्षारता आणि उपसा ही ऱ्हासाची तीनही रूपे पाहावयास मिळतात. त्यामुळे एकच झाड आणि एकच पद्धत संपूर्ण वऱ्हाडाला लागू पडू शकत नाही.

उजाडपणाचा इतिहास

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे तेथून इंग्लंडला जाणारा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला प्रचंड मागणी आली. रेल्वे आली, गाळपाचे कारखाने आले, पडीत जमिनी नांगराखाली आल्या. रेल्वेचे स्लीपर आणि इंधन यांसाठी जंगलाची तोड झाली. पुढे सरकारने मेळघाटसारखी जंगले राखीव केली. त्यामुळे मोठे वन वाचले, परंतु गावालगतच्या रानावर चराईचा आणि सरपणाचा सारा भार आला.

वऱ्हाडात गावाच्या सामाईक चराऊ जमिनीला आजही ‘ई-क्लास’ असेच म्हणतात. इंग्रजी अमदानीतील जमिनीच्या वर्गवारीतून आलेला हा शब्द सातबाराच्या भाषेत कायम राहिला. जमीन मात्र तशी राहिली नाही. कोठे अतिक्रमण झाले, कोठे मुरूम खोदला गेला, कोठे सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. जी उरली, ती सर्वांची असल्याने कोणाचीच नव्हती. पवन्या, शेडा, मारवेल यांसारखी सकस गवते जनावरांनी मुळापर्यंत खाल्ली आणि त्यांच्या जागी कुसळी व तरवड उरला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी सर्व राज्यांना योजना आखण्याचे निर्देश दिले. जमीन गावाच्या ताब्यात राहिली तरच तिच्यावर झाड उभे राहू शकते. म्हणून वृक्षलागवडीच्या चर्चेत हा निर्णय मूलभूत ठरतो.

लागवडीची पन्नास वर्षे

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला मृदसंधारणाचे महत्त्व शिकविले. रोजगार हमीच्या कामांतून बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव झाले. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला आणि रस्त्यांच्या कडा, कालव्यांचे काठ व गायरानांवर लागवड होऊ लागली. लवकर वाढणारी झाडे त्या काळी निवडली गेली. निलगिरी, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प ही नावे त्यातूनच खेडोपाडी पोचली. सुबाभूळ आणि गिरिपुष्पाने चारा व हिरवळीचे खत दिले, हे खरे. पण निलगिरीच्या रांगांखाली गवत उगवले नाही आणि पक्ष्यांना फळ मिळाले नाही.

परदेशी झाडांबाबत सर्वांत मोठा धडा विलायती बाभळीने दिला. मध्य अमेरिकेकडील हे काटेरी झाड एकोणिसाव्या शतकात भारतात आणले गेले. ते कोठेही, खाऱ्या जमिनीतही वाढते, सरपण देते, वाळू धरून ठेवते. मात्र एकदा पसरले की ते गवताची जागा घेते आणि काढून टाकणे जवळजवळ अशक्य होते. गुजरातमधील कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशाचा मोठा भाग या एका झाडाने व्यापला. गावकऱ्यांनी त्याला ‘वेडी बाभूळ’ म्हटले, ते उगाच नव्हे. वाळवंट रोखण्यासाठी लावलेल्या झाडाने कुरण गिळले.

२०१६ पासून राज्यात लागवडीचे आकडे कोटींत गेले. १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट होते. त्यानंतर २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. शाळा, कार्यालये, सामाजिक संस्था यांचा मोठा सहभाग या मोहिमेला लाभला आणि झाडांविषयीची आस्था घराघरांत पोचली, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. तथापि लावलेल्या रोपांपैकी किती जगली, हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि २०२१ मध्ये ३३ कोटी लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्याची घोषणा झाली. राजकारणाचा भाग बाजूला ठेवला तरी मूळ प्रश्न उरतोच. लागवड हा एका दिवसाचा कार्यक्रम आहे, तर संगोपन किमान तीन वर्षांचे काम आहे. पहिल्याचे छायाचित्र निघते, दुसऱ्याचे निघत नाही.

जगाचा अनुभव

राजस्थानात या शास्त्राचा पाया घातला गेला. १९५२ मध्ये जोधपूर येथे वाळवंटी वनीकरण केंद्र सुरू झाले आणि १९५९ मध्ये त्याचे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत रूपांतर झाले. या संस्थेने वाळूच्या टेकड्या स्थिर करण्याची पद्धत विकसित केली. तीत झाड शेवटी येते. आधी टेकडीला कुंपण घालून चराई थांबविली जाते. मग स्थानिक झुडपांच्या फांद्या वाऱ्याच्या दिशेला आडव्या रोवून वाळूचे सरकणे रोखले जाते. त्यानंतर गवताचे बी पेरतात आणि पावसाच्या ओलीवर रोपे लावतात. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी, म्हणजेच खेजडी, तेथील शेताशेतांत पिकांबरोबर उभी असते. तिच्यासाठी १७३० मध्ये खेजडली गावात बिष्णोई समाजाच्या ३६३ स्त्रीपुरुषांनी प्राण दिले.

चीनने १९७८ मध्ये उत्तरेकडील वाळवंटांच्या कडेने वनपट्टा उभारण्याची योजना सुरू केली. ती २०५० पर्यंत चालणार आहे. तकलामाकान वाळवंटाभोवतीचा सुमारे ३ हजार किलोमीटर लांबीचा हरितपट्टा नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाल्याचे तेथे जाहीर करण्यात आले. काही भागांत धुळीची वादळे कमी झाली. परंतु एकाच जातीच्या पॉप्लर वृक्षांची लागवड जेथे झाली, तेथे किडीने मोठी हानी केली आणि कमी पावसाच्या भागात झाडांनी भूजलावर ताण आणला. जमिनीला पेलवेल तेवढेच झाड लावावे, असा त्याचा अर्थ आहे.

आफ्रिकी संघाने २००७ मध्ये सहारा वाळवंटाच्या दक्षिण सीमेवर ८ हजार किलोमीटरची ‘हरित भिंत’ उभारण्याचा संकल्प केला. आरंभी ती झाडांची सलग भिंत असेल, अशी कल्पना होती. लवकरच ती मागे पडली आणि गावोगावी जमिनीची पुनर्बांधणी असे तिचे स्वरूप झाले. या बदलामागे नायजर देशाचा अनुभव होता. १९८० च्या दशकात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या असे ध्यानात आले की, लावलेली रोपे मरतात, पण शेतात तोडलेल्या झाडांची खुंटे मात्र जमिनीखाली जिवंत असतात. त्यांना फुटवे येतात आणि दरवर्षी ते छाटले जातात. शेतकऱ्यांनी त्यांतील दोनचार जोमदार फुटवे राखायचे ठरविले. पुढील दोन दशकांत सुमारे ५० लाख हेक्टर क्षेत्रावर रोपवाटिकेशिवाय झाडे उभी राहिली. त्यासाठी शेतातील झाडावर सरकारचा नव्हे, तर शेतकऱ्याचा हक्क आहे, ही भावना निर्माण होणे आवश्यक ठरले.

पायविहीरचा दाखला

हाच निष्कर्ष काढण्यासाठी वऱ्हाडातील वाचकाला नायजरपर्यंत जाण्याचे कारण नाही. कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्याच्या पूर्व कडेला आहे. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, मेळघाटच्या पायथ्याशी अचलपूर तालुक्यात पायविहीर हे छोटे गाव आहे. गावालगतचे वन चराई, तोड आणि वणवे यांमुळे उजाड झाले होते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २०१२ मध्ये गावाला सुमारे १९३ हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला. या प्रक्रियेत ‘खोज’ या मेळघाटातील संस्थेने गावाला साह्य केले.

हक्क मिळताच ग्रामसभेने आधी नियम केले. मोकाट चराई थांबविण्यात आली, तोडीवर निर्बंध आले आणि राखणीची जबाबदारी गावाने घेतली. रोजगार हमीतून मृद व जलसंधारणाची कामे झाली, घाणेरीसारखी उपद्रवी झुडपे काढली गेली आणि त्यानंतर स्थानिक जातींची लागवड झाली. राखलेल्या रानात सीताफळाची झाडे जोमाने वाढली. त्यांची फळे गावाने एकत्रितपणे मुंबईच्या बाजारात पाठविली. २०१४ मध्ये पायविहीरला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने दिला जाणारा भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. खतिजापूर, उपातखेडा, नयाखेडा या शेजारच्या गावांनीही हीच वाट धरली.

पायविहीरच्या यशात रोपांची संख्या हा मुख्य मुद्दा नाही. रान राखले तर त्याचा लाभ आपल्याला मिळेल, ही खात्री गावाला कायद्याने मिळाली. ज्याला फळ मिळणार, तोच झाड राखतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असाच हक्क मिळाला होता आणि तेथील अनुभवही वेगळा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने वनहक्क कायद्याच्या कितीतरी आधी, १९९० च्या दशकात कुऱ्हाडबंदी व चराईबंदीचे नियम केले, तेही ग्रामसभेच्या बळावर. तेथे जनावरे डोंगरावर सोडण्यास बंदी होती. गवत विळ्याने कापून नेण्यास मात्र मुभा होती.

आधी पाणी, मग गवत, मग झाड

या सर्व अनुभवांतून उजाड जमीन सावरण्याचा एक क्रम स्पष्ट होतो. पहिले काम पाणी अडविण्याचे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समान पातळीवर सलग समतल चर खोदले जातात. सर्वसाधारण चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असतो. चरातून निघालेली माती उताराच्या बाजूला बांधासारखी रचतात. घळींमध्ये अनघड दगडांचे बांध घातले जातात. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातून जे तीन तालुके निवडले गेले, त्यांत अमरावतीचा वरूड होता. तेथील गावकऱ्यांनी श्रमदानाने असेच चर खोदले.

दुसरे काम गवताचे. दोन पावसाळे चराई थांबविली, तर जमिनीत दडलेले बी आणि ठोंब आपोआप वर येतात. गवताचे दाट, उथळ मूळजाळे माती बांधून ठेवते. पहिल्या एकदोन वर्षांत हे काम कोणतेही झाड करू शकत नाही. अकोला व वाशीम जिल्ह्यांत फासेपारधी समाजाने ‘संवेदना’ या संस्थेच्या साह्याने गवताळ राने राखण्याचा जो प्रयत्न केला, त्याचे महत्त्व येथे कळते. तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी गवतावरच जगतो. म्हणून प्रत्येक मोकळे माळरान म्हणजे लागवडीसाठी रिकामी जागा, असे समजणे धोक्याचे आहे. काही माळरानांना झाडांची नव्हे, केवळ राखणीची गरज असते.

झाडाची पाळी तिसरी. माथ्यावरील मुरमाड जमिनीत अंजन, खैर, सलई, धावडा, सीताफळ. मध्यम उतारावर पळस, आवळा, चारोळी, मोह. काळ्या भारी जमिनीत बाभूळ, हिवर, कडुनिंब, चिंच. नदीनाल्याच्या काठी करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, अशी ढोबळ विभागणी करता येते. ही सारी झाडे याच मातीत वाढलेली आहेत. त्यांतील बहुतेकांना एकदा मूळ धरल्यावर पाणी घालावे लागत नाही. बाभूळ तर शेतकऱ्याची जुनी सोबतीण आहे. तिच्या शेंगा शेळ्यांना, लाकूड अवजारांना आणि काटे कुंपणाला उपयोगी पडतात.

कामाचे वेळापत्रकही ठरलेले आहे. खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खोदून उन्हात तापू दिले जातात. पावसाच्या आधी ते माती व शेणखताने भरतात. दोनतीन चांगले पाऊस होऊन जमिनीत ओल गेल्यावरच रोप लावले जाते. कॅलेंडरवरील तारीख पाहून कोरड्या जमिनीत लावलेले रोप पहिल्याच उघडिपीत जाते. पावसाळा संपताच आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे लागते आणि जाळरेषा काढून वणव्याची सोय करावी लागते. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे लागते. दुसऱ्या पावसाळ्यात मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावावी लागतात. कपाशीच्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगण्याची गरज नाही, तो दरवर्षी नांग्या भरतोच.

नदीकाठच्या गावाला काय करता येईल

कौंडण्यपूरसारख्या गावाभोवती मेळघाटसारखे वन नाही. शिवारातील बहुतेक जमीन खासगी शेतीखाली आहे. येथे वृक्षलागवडीच्या जागा तीनच: नदीनाल्यांचे काठ, उरलेले ई-क्लास आणि शेताचे बांध. नदीकाठची काळी माती पुरात ढासळते आणि पावसाळ्यात तिच्यात घळी पडत जातात. खोल मुळांची झाडे आणि गवत यांचा पट्टा हाच तिच्यावरील स्वस्त उपाय आहे. बांधांवरील झाडे ट्रॅक्टरला अडथळा होतात, सावलीने पीक दबते, म्हणून तोडली गेली. ती पुन्हा यावयाची असतील, तर शेतकऱ्याला त्यांपासून उत्पन्न दिसले पाहिजे आणि स्वतःच लावलेले झाड तोडताना परवानगीसाठी हेलपाटे पडू नयेत. भारताने २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण स्वीकारले. असे धोरण करणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. या धोरणातही तोड-वाहतुकीचे नियम सुलभ करण्यावर भर आहे.

२०१९ मध्ये वाळवंटीकरणविरोधी कराराची चौदावी जागतिक परिषद भारतात झाली. त्या वेळी २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर ऱ्हासग्रस्त जमीन सावरण्याचे उद्दिष्ट देशाने जाहीर केले. हे उद्दिष्ट दिल्लीत गाठले जाणार नाही. ते गावोगावच्या ई-क्लासवर आणि बांधावर गाठले जाईल किंवा हुकेल. तिवसा तालुक्यातच गुरुकुंज मोझरी आहे. गावाचे काम गावाने करावे, ही शिकवण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तेथूनच महाराष्ट्राला दिली.

म्हणून यापुढे कोणत्याही लागवडीची बातमी वाचताना काही साधे प्रश्न विचारावयास हवेत. जमीन कोणाची आणि तिच्या फळांवर, गवतावर हक्क कोणाचा? लागवडीआधी पाणी अडविले होते काय? तेथे आधीपासून असलेले गवत आणि खुंटांचे फुटवे राखले की उपटले? राखणदाराचे वेतन किती वर्षांसाठी मंजूर आहे? तिसऱ्या उन्हाळ्याअखेर किती झाडे उभी आहेत? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणारा फलक जेथे लागेल, तेथे खड्ड्यांची संख्या सांगणाऱ्या फलकाची गरज उरणार नाही.

आषाढी वारीसाठी रुक्मिणीमातेची पालखी कौंडण्यपूरहून पंढरपूरला निघते. सन १५९४ पासून ही परंपरा चालत आल्याचे सांगितले जाते. इतकी वर्षे एक वाट चालू राहते ती दरवर्षी कोणीतरी ती जबाबदारी उचलतो म्हणून. उजाड रान हिरवे करण्याचे कामही त्याच जातीचे आहे. ते एका दिवसाच्या मोहिमेने होत नाही, पिढ्यांच्या नेमाने होते.